फाटकावरचा वाइसले

"अरे, ऐकू येतं का तुला? का घराबरोबर तुझ्या कानातही चुना भरला या लोकांनी?" ऊनाइसीने टोपली फाटकाजवळ आपटली.

तो हलला नाही. अंगात लाल डगला, कमरेला गुंडाळलेला दातेरी काठाचा पांढरा सुलू, हातात बंदूक, नजर समोरच्या नारळाच्या शेंड्यावर.

चार हातांवर एक गाइड बोटीवरून उतरलेल्या पाहुण्यांना इतिहास पाजत होता. "इथे आधी गोरे गव्हर्नर राहत. जुनं घर वीज पडून जळालं. मग हे बांधलं. आता राष्ट्राध्यक्ष राहतात. मंडळी, इथला एकेक रिवाज पुस्तकात लिहिलेला आहे. झेंडा कधी चढवायचा, मानाच्या पेयाची, यांगोनाची, पहिली वाटी कुणाला द्यायची, सगळं. आणि हा पहारेकरी! नाकात माशी शिरली तरी हलणार नाही."

पाहुणे हसले. एकाने त्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढला. घरात राहणारे बदलले, झेंडा बदलला. उन्हात उभं राहायचं काम मात्र खेड्यातल्या पोरांकडेच राहिलं. हे काही गाइड सांगत नव्हता. त्याचा पगार त्यातून सुटत नव्हता.

"उभा राहा, राहा उभा," ऊनाइसी म्हणाली. ती रोज साडेनऊच्या बसने यायची आणि त्याच्या सावलीत बसायची. "वाळलास की रे वाइसले. मागच्या महिन्यात कसे खांदे होते! इथे जेवायला घालतात का नुसत्या सलाम्याच खाऊ घालतात?"

गाइडने तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"दालोचा कंद आणलाय. नारळाच्या दुधात शिजवलाय. तू काही घ्यायचा नाहीस, माहीत आहे मला. ठेवते आपली. मागच्या खेपेलाही ताटली रिकामीच मिळाली होती." ती ताटली कठड्यावर ठेवून थांबली. मग टोपलीतून एक घडी केलेला कागद काढला.

"आज मी गप्पा मारायला नाही आले. आपल्या धाकट्या केलेराला फौजेत जायचंय."

नारळाचा शेंडा वाऱ्यावर हलला. तो नाही.

"अठरा पुरी व्हायला चार महिने कमी आहेत, म्हणून माझी सही लागते. उद्या दुपारी मुदत संपते. मी म्हटलं, नको. ती म्हणते, दादा गेला तेव्हा अडवलं नाहीस, मग मलाच का? काय सांगू तिला? तू वर्दी घातलीस तेव्हा ती पाच वर्षांची होती. तुझा पट्टा गळ्यात घालून अंगणभर नाचली होती."

तिने पदार्थावरची माशी हाकलावी तसा हात हलवला.

"पाद्री म्हणतो देवाला विचार. मामा म्हणतो, जाऊ दे, पैसे येतील, छपराचे पत्रे बदलून होतील. मी म्हटलं, जो गेला त्यालाच विचारते. बारा वर्षं एकटी बोलतेय मी, वाइसले. कधी जबाब मागितला तुझ्याकडे? आज मागते. सही करू नको असं वाटत असेल तर एकदा मान हलव. नाहीतर इथंच सही करते."

तिने कागद गुडघ्यावर पसरला. पेनाचं टोपण दातांनी काढलं.

त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. जुलैत वाळवंटात जाणाऱ्या तुकडीच्या यादीत त्याचं नाव होतं. वर्षभर तिथे काढलं की सिमेंटचं घर उभं राहिलं असतं. पहाऱ्यावर हलला तर नाव कापलं जाणार, फाटकही जाणार. हेही पुस्तकात लिहिलेलं होतं.

पेनाचं टोक कागदाला टेकलं.

त्याने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चांगली ठसठशीत.

"हलला! हलला!" पाहुण्यांत गलका झाला. गाइडचा जबडाच लोंबला.

ऊनाइसीने कागदाची घडी केली, फाडली, पुन्हा फाडली. "बरं," ती म्हणाली. "एवढंच हवं होतं." मग पदराला हात पुसावेत तसे तिने झग्याला पुसले, टोपली उचलली आणि उतारावरून बसकडे चालू लागली. एकदाही वळून न बघता.

दहा मिनिटांत त्याला पहाऱ्यावरून उतरवलं. सार्जंट इसोआने चौकीचं दार लावलं. कठड्यावरची ताटली त्याने स्वतः उचलून आणली होती.

"यादीतून गेलास. कळतंय?"

"होय, साहेब."

"बारा वर्षांत सत्तावन्न पोरं उभी केली मी त्या जागेवर. एकाची पापणी लवली नाही. तूच दीडशहाणा."

"तिने विचारलं, साहेब."

सार्जंटने ताटली त्याच्यापुढे सरकवली. "खा. गार होईल." आणि बाकावर बसलेल्या नव्या शिपायाकडे वळला. "पेनाइया, उद्यापासून या मनासाच्या जागी तू. पुस्तकातले रिवाज पाठ आहेत?"

"सगळे, साहेब."

"मग आता पुस्तकात नसलेला ऐक. साडेनऊच्या बसने एक म्हातारी येईल. तिला हटकायचं नाही. सावली तिच्यावर पडेल असं उभं राहायचं. ती बोलेल ते सगळं ऐकून घ्यायचं आणि ताटली रिकामी करून ठेवायची. ती वाइसले म्हणेल, तो तूच."

"ती कोण, साहेब?"

"तुझी आई. बारा वर्षांपूर्वी वाळवंटातून तू तिच्याकडे बंद पेटीत परत आलास, आणि ती पेटी आम्ही तिला उघडू दिली नाही."