आकाशातली फरफट

पडद्यावर रेडिओ दुर्बिणीने टिपलेली दीर्घिका उमटली: एक तेजस्वी ठिपका आणि त्याच्यामागे ओढले गेलेले दोन झोत. "हिच्या आकाराला घरगुती शब्दांत नाव द्या, मी लिहून घेते," संशोधिका श्रोत्यांना म्हणाल्या.

"केरसुणी!" "दोन वेण्या!" सभागृहात हशा पिकला.

"केस धरून फरफटत नेलेली बाई," अंबूताईंच्या शेजारी बसलेली त्यांची सून हळूच म्हणाली.

"घरी चल, दाखवतो तुला!" तिच्या पलीकडे बसलेला तिचा नवरा दातओठ खात पुटपुटला. सुनेचा हात चटकन डोक्याकडे गेला, पदर सरकला आणि केस उपटल्याची जखम अंबूताईंना दिसली. सून न्हाणीघरात पडली, ही मुलाची थाप त्यांनी खरी मानली होती.

त्या उठल्या. पोटच्या पोराची झुलपे मुठीत धरून त्यांनी त्याला खुर्चीवरून खाली खेचले आणि दारापर्यंत ओढत नेले.

"मॅडम, सुनेने सांगितले तेच लिहा," उंबरठ्यावरून त्या गरजल्या. "ज्यांना आकार समजला नसेल, त्यांनी बाहेर यावे."