शिल्लक रजा

“म्हणजे सोमवारी शाळेच्या बसवर यायलाच लागेल, ताई?” बसवाल्या दादांनी तिसऱ्यांदा विचारलं.

शाळांच्या जिल्हा कार्यालयात, आस्थापना शाखेत बसणाऱ्या या बाईंना सगळे रजाताईच म्हणत. बाराशे कर्मचाऱ्यांच्या रजा त्यांना तोंडपाठ. तरी त्यांनी दादांची शिल्लक पुन्हा एकदा पाहिली, जशी काही घटकाभरात वाढणार होती! शुक्रवारी संपत होती.

“आणि आमच्या हिच्या रजेचं?”

“बाईंची काळजी सोडा. बावीस वर्षं बालवाडी सांभाळली, कधी दांडी म्हणून मारली नाही. ढीगभर रजा साठल्यात त्यांच्या. अडचण तुमची आहे.”

दादा खुर्चीच्या कडेवर टेकले. “डॉक्टर महिना म्हणालेत. मी तिला सांगितलंय, औषध लागू पडतंय, शाळेचं नवं वर्ष लागलं की तू वर्गात. बिचारीचा विश्वास बसलाय. तेवढा महिना मला तिच्याजवळ राहायचंय हो. फक्त तिला यातलं काही कळायला नको.”

“माझ्याकडून? जीव गेला तरी नाही!”

उपाय एकच होता, रजादान. एका कर्मचाऱ्यानं आपली रजा दुसऱ्याच्या नावावर करायची. अर्ज बंद पाकिटात, देणाऱ्याचं नाव रजाताईंपुरतं.

मंगळवारी त्या परिपत्रक लिहायला बसल्या. ‘एका सहकाऱ्यास कौटुंबिक कारणास्तव रजेची आवश्यकता आहे.’ छे! असलं कोण वाचतंय? त्यांनी ते खोडलं आणि मन घट्ट करून खरं काय ते लिहिलं. ‘आपल्या बसवाल्या दादांच्या पत्नीच्या हाती डॉक्टरांच्या मते एकच महिना आहे. तो त्यांना एकत्र घालवू द्या.’ लिहिता लिहिता त्यांचेच डोळे भरून आले. मग नेहमीसारखी सर्व कर्मचाऱ्यांची यादी निवडून त्यांनी बटण दाबलं. आज काहीतरी बरं काम झालं, असं वाटून त्यांनी एक चहा जास्तीचा घेतला.

उत्तरादाखल हात जोडल्याची चित्रं आली, ढिगानं आली. रजा मात्र एकानंही दिली नाही. विज्ञानाचे सर जिन्यात भेटले. “फार वाईट वाटलं हो. पण आमच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय.” हेडक्लार्क म्हणाले, “मी देतो की! आधी कुणीतरी सुरुवात करू दे.” खेळाच्या सरांनी तर लांबूनच पाहून काढता पाय घेतला.

रजाताईंना असा संताप आला! पण त्यांच्या स्वतःच्या सोळा रजा होत्या, त्यांचं काय? लेकीच्या बाळंतपणासाठी राखलेल्या. त्यांनी अर्जावर पाच लिहिल्या, खोडून तीन केल्या आणि अर्ज खणात टाकला. दिवसभर मन खात राहिलं.

बुधवारी दुपारी बालवाडीच्या बाईंचाच फोन आला.

“ताई, माझ्या रजा किती उरल्यात हो?”

रजाताईंनी आवाजात उसनं हसू आणलं. “एकशे बारा! अगदी निवांत पडून राहा तुम्ही. घाई कसली?”

“नोकरी संपली की त्या बुडतात ना?”

“अहो, संपतेय कशाला नोकरी? नव्या वर्षी लहान गट तुमचाच. यादीसुद्धा तयार आहे.”

“हो का? बरं झालं.” बाई हसल्या. “किती गोड बोलता हो तुम्ही, ताई.”

फोन ठेवून रजाताई तोंड धुवायला म्हणून गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. इतकं धडधडीत खोटं त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. पण बाईंना संशय आला नाही, एवढं समाधान होतं.

शुक्रवारी चार वाजता दादा आले. त्याच्या तासभर आधी रजाताईंनी खणातला अर्ज काढून सही केली होती.

“आठवडाभर हिच्या उशाशीच आहे, फोनसुद्धा उघडला नाही. किती जमल्या, ताई?”

“तीन.”

दादांनी मान हलवली. “तीन तर तीन. कुणी दिल्या ते विचारत नाही, पण त्या माणसाला सांगा, उपकार विसरणार नाही.”

रजाताईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पाच दिल्या असत्या तर काय आभाळ कोसळणार होतं? लेकीनं समजून घेतलं असतं.

दादा दारापर्यंत गेले आणि परत आले. “विसरलोच की! हिनं पाकीट दिलंय, तुमच्याच हातात द्या म्हणाली. नव्या वर्गाचं काहीतरी असेल. दोन दिवस फार खुशीत आहे हो ती.” पाकीट टेबलावर ठेवून ते लगबगीनं घरी निघाले.

रजाताईंनी पाकीट फोडलं. आत रजादानाचा अर्ज होता. मुलांना गिरवायला द्यावं तसं गोल, सुटं अक्षर. बालवाडीच्या बाईंनी एकशे तीन दिवस नवऱ्याच्या नावावर केले होते. स्वतःसाठी शिल्लक ठेवलेले दिवस: नऊ.

म्हणजे बाईंना सगळं माहीत होतं! रजाताई ताडकन उभ्या राहिल्या. त्या माउलीला हे सांगायची कुणाला दुर्बुद्धी झाली? विज्ञानाचे सर? हेडक्लार्क? कुणीही असो, त्याला आज उभं-आडवं घ्यायचं असं ठरवून त्यांनी अर्ज पुन्हा हातात घेतला.

शेवटच्या रकान्यात छापील प्रश्न होता, ‘सहकाऱ्याच्या अडचणीबद्दल आपणांस कोठून समजले?’ त्यापुढे बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमच्या मंगळवारच्या परिपत्रकातून.’