तिसरा हिस्सा

थोरली खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. दोन्ही हात छातीवर दुमडलेले, आधार कशाचाच नाही. म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीची पाहणी करायला आलेली बाई हातातल्या घड्याळाकडे बघत मोजत होती. अर्धं मिनिट संपलं तेव्हा आकडा चौदावर पोचला होता.

"एक्क्याऐंशीव्या वर्षी चौदा," बाई म्हणाली. "तीन वर्षांपूर्वीपेक्षा एक जास्तच."

धाकटीच्या पोटात दुखलं. ती चार वर्षांनी लहान, आणि तिच्या उठबशा झाल्या होत्या तीन. त्यातही तिसऱ्या वेळी तिनं खुर्चीचा हात धरला होता, तो बाईनं बरोबर पाहिला आणि कागदावर खूण केली.

दोघी जावा. नवरे गेले, मुलं पांगली, घरात या दोघी उरल्या. धाकटी जन्मभर थोरलीवर जळत आली होती. आधी तिच्या उंचीवर, मग केसांवर, मग उन्हाच्या बाजूच्या खोलीवर. वय झालं तसं ते सगळं सुटलं. गुडघे तेवढे डोळ्यांत खुपत राहिले.

"म्हातारपण लांबलंय," बाई कागद आवरताना सांगत होती, "पण त्यातली धडधाकट वर्षं किती आणि दुसऱ्याच्या हातावर काढलेली किती, ते आम्ही मोजतो."

"मोजा की," धाकटी म्हणाली. "माझ्या वाटणीची धडधाकट वर्षं यांच्याकडेच सापडतील."

बाई हसली. थोरली हसली नाही. धाकटीचीही ती थट्टा नव्हतीच. तिच्या मुलानं मागेच बजावलं होतं, आईला पलंगावरून एकटीनं उठता येईना झालं, की तिची सोय वृद्धाश्रमात. आणि त्याला इथली खबर देणारी कोण, तर थोरली. दर महिन्याच्या एक तारखेला ती धाकटीला न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभी करायची, चष्मा लावून आकडा वाचायची, वहीत लिहायची. तासाभरानं पुतण्याला फोन. आपला काटा काढायची ही तयारी चाललीय, याबद्दल धाकटीला तिळमात्र शंका नव्हती. वजन वाढलेलं दिसलं, की रवानगी लवकर होईल, या भीतीनं ती काट्यावर चढली, की शेजारच्या बेसिनवर हळूच हाताचा भार टाकायची. आकडा सहा किलोंनी उतरायचा. थोरलीची नजर आकड्यावर असायची, हाताकडे तिचं कधी लक्षच गेलं नाही.

"व्यायाम करता का काही?" बाईनं विचारलं.

"थोडाफार," थोरली म्हणाली.

झालं, धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. "थोडाफार कसला? रोज सकाळी दार लावून घेतात. अर्धा तास नुसतं धप, धप. मला कधी म्हणाल्या नाहीत, ये, तूही कर. दाखवा ना जाऊबाई, एवढं काय लपवायचं?"

थोरली उठली आणि तिनं आपल्या खोलीचं दार उघडलं. आत पलंग, पलंगाला लावून खुर्ची. पलंगावर जाड कापडाची एक लांबट पिशवी, वाळूनं भरलेली, दोन्ही बाजूंना धरायला पट्टे शिवलेले. थोरली गुडघ्यांत वाकली. पाठ ताठ ठेवून तिनं पिशवी छातीशी कवटाळली, उचलली, वळली आणि खुर्चीत बसवली. पिशवीवर कागद चिकटवलेला होता. त्यावर लिहिलं होतं, एकोणीस किलो.

"एकोणीसच का?" बाईनं विचारलं.

"हिच्या वजनाचा तिसरा हिस्सा," थोरली म्हणाली. तिला धाप लागली होती. "माणसाला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं, तर पाय टेकवता येत असले तरी एवढा भार आपल्या हातांवर येतो म्हणे. हिला गुडघ्यांचे व्यायाम शिकवायला बाई यायची ना, तिनंच सांगितलं. दर महिन्याला हिचं वजन करते आणि तेवढी वाळू कमीजास्त करते. हिचा मुलगा विचारत असतो, काकू, आता आईची सोय बघू का. त्याला सांगते, अजून मला झेपतंय. उद्या वेळ आली आणि नाही झेपलं तर नेईल ना तो हिला."

धाकटी दाराची चौकट धरून उभी होती. एवढी वर्षं जिच्यावर जळलो, तिचं घामेजलेलं कपाळ ती पहिल्यांदाच नीट बघत होती. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"जाऊबाई," ती खाली बघत म्हणाली, "पिशवीत आणखी दोन किलो वाळू घाला. मी दर वेळी बेसिनला धरून उभी राहायचे."