पेशंट : नाम आणि विशेषण

"सर, हे बरोबर आहे का बघा," असं म्हणून औषधवालीने फळ्यावर लिहिलं, माय हजबंड इज पेशंट.

सर हसले. "एक 'अ' खाल्लात तुम्ही. माय हजबंड इज 'अ' पेशंट. 'अ' असला तर तो आजारी माणूस. 'अ' काढला की विशेषण होतं."

"म्हणजे काय होतं?"

"धीराचा. न चिडता, घाई न करता वाट बघणारा."

ती खडू हातात धरून फळ्याकडे बघत राहिली. "एवढासा 'अ' काढला, की माणूस खाटेवरून उठून वाट बघायला लागतो की हो!"

सगळा वर्ग हसला. वर्ग म्हणजे सायकलच्या दुकानावरची खोली आणि दिवसभर राबून आलेली आठ मोठी माणसं. औषधवाली त्यातली सगळ्यात नवी. औषधांच्या दुकानात ती काउंटरवर उभी असे आणि 'पेशंट कोण?' हे दिवसातून शंभरदा विचारत असे. नवरा पाच वर्षं अंथरुणाला खिळलेला आहे, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेही हवापाण्यावर बोलावं इतक्या सहज.

प्रश्न मात्र फार विचारायची. भूतकाळ शिकवला तर भूतकाळात, रंग शिकवले तर रंगांचे.

"सर, एवढ्या लांबून चालत येता. गाडी नाही?"

"होती. विकली."

"कोणत्या रंगाची होती? वाक्य करायचंय."

"पांढरी," सर म्हणाले. तिने वहीत लिहून घेतलं. अशी विद्यार्थिनी मिळायला भाग्य लागतं, असं सरांना वाटे.

त्या आठवड्यात 'पेशंट' या विशेषणाची पाच वाक्यं घरून लिहून आणायची होती. इतरांनी 'माझी आई पेशंट आहे', 'गाढव पेशंट असतं' असलं काहीतरी खरडलं होतं. सरांनी भराभर तपासलं आणि औषधवालीची वही उघडली. इंग्रजी मोडकं होतं, पण अर्थ स्वच्छ होता.

मी पेशंट आहे. रोज थोडं थोडं. घाई केली तर माणसाला संशय येतो. डॉक्टरला माहीत नाही. या महिन्यात संपेल.

सरांनी ते पुन्हा वाचलं.

"रोज थोडं थोडं, काय?" वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला विचारलं.

"अय्या, क्रियापद राहिलं का, सर?" तिने वही उचलली आणि पिशवीत टाकली. "पुढच्या वेळी घालते."

घरी आल्यावर सरांनी बायकोला सगळं सांगितलं. औषधांचं दुकान, खिळलेला नवरा, ती वाक्यं.

"तुम्हाला काय करायचंय?" बायको म्हणाली. "फारच वाटत असेल तर पोलिसांना सांगा."

"पोलीस नको."

"मग गप्प बसा. नको त्या भानगडीत पडू नका."

पण गप्प बसवेना. जेवण जाईना. एक माणूस रोज थोडाथोडा मरतोय आणि ते ठाऊक असलेले जगात आपण एकटेच. हात झटकून मोकळं व्हायचं आणि पुन्हा वर्षानुवर्षं त्याच विचाराने कुढत बसायचं, एवढी ताकद आता त्यांच्यात उरली नव्हती. या खेपेला तरी माणसासारखं वागायचं, असं त्यांनी ठरवलं.

पत्ता तिच्या वहीच्या पहिल्याच पानावर होता, ठळक अक्षरात. दुकानातली पाळी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, हेही तिनेच वर्गात इंग्रजीतून सांगितलं होतं. दुपारी तीनला सर तिच्या दारात उभे राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत खिडकीला लागून खाट होती. खाटेवरच्या माणसाची हाड न् हाड मोजून घ्यावं. पायांवर चादर होती आणि चादरीखाली काहीच हलत नव्हतं. उशाशी औषधांच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या.

"कोण?" माणसाने मान वळवली.

सर आवाज खाली आणून बोलले. "तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या बायकोला शिकवतो. ऐका, ती देते ते काही घेऊ नका. औषध नाही, पाणीसुद्धा नाही. तुमच्या जिवाला धोका आहे."

माणूस ओरडला नाही, दचकलाही नाही. त्याने डोळे मिटून घेतले. सरांना वाटलं, हा गेलाच. ते खाटेवर वाकले.

"घाबरू नका. इथेच थांबा, मी मदत घेऊन येतो."

"पुन्हा म्हणा," माणूस डोळे न उघडता म्हणाला.

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. तसंच."

बिचाऱ्याचं डोकंही ठिकाणावर नसावं. सरांना भरून आलं. "घाबरू नका," ते अगदी हळुवार म्हणाले. "इथेच थांबा. मी मदत घेऊन येतो."

माणसाने डोळे उघडले आणि स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे बघून हाक मारली.

"अगं, पोलीस साहेबांना घेऊन बाहेर ये. हाच आवाज. माझ्या पायांवरून गाडी गेल्यावर काच खाली करून हाच म्हणाला होता, मदत घेऊन येतो."