उखाण्याशिवाय

नानांना विमानाची धास्ती, म्हणून ब्राझीलमधल्या लेकीकडे जायला नाना, वनमालाबाई आणि मुलगा राजेश चारकोपहून निघाले ते थेट जहाजातच बसले. वाटेत पाण्याशिवाय बघायला काही नव्हतं, तेव्हा राजेश रोज चहाच्या वेळी दोघांना थोडं थोडं पोर्तुगीज शिकवायचा. पाणी मागणं, आभार मानणं वनमालाबाईंना पटकन जमलं. "तुमच्या नवऱ्याचं नाव काय?" हा प्रश्न आला की मात्र त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. उभ्या जन्मात त्यांनी ते नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं.

"घे गं, इथे कोण ऐकतंय? मासे?" नाना चिडवायचे.

"तुम्ही असालच ना शेजारी. तुम्हीच सांगा."

"आणि मी नसलो तर?"

"जाताय कुठे? चहूकडे पाणी आहे."

बंदरावर उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं नेमकं तेच विचारलं. राजेशनं आईकडे पाहिलं. वनमालाबाईंनी पदर सावरला आणि शिकवलेलं अख्खं वाक्य पोर्तुगीजमध्ये सावकाश म्हटलं, "माझ्या नवऱ्याचं नाव चंद्रप्रकाश."



अधिकाऱ्यानं ते शवपेटीवर लिहिलं.