सहावीतली दुभाषी

मेंदूचा झटका आल्यापासून आजीची इंग्रजी पार पुसली गेली होती. उरली ती फक्त तिची मायबोली वेल्श, आणि ती तिनं स्वतःच्या मुलीला, मैनिरला, कधी शिकवलीच नव्हती. वॉर्डात त्या दिवशी वेल्श येणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मधे बोलायला उभी होती नात हेलेद, वेल्श शाळेत सहावीला असलेली.

"डॉक्टर पुन्हा ऑपरेशन करू म्हणतायत," मैनिर म्हणाली. "तिला सांग, अजून एकदाच कळ काढ. माझ्यासाठी."

हेलेदनं सांगितलं. आजीनं तिचा हात धरला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाळा, आता पुरे झालं. तुझ्या आईला म्हणावं, मला जाऊ दे."

"काय म्हणाली? हेलेद, काय म्हणाली ती?"

यंदा वर्गात अपूर्णांक झाले होते, रक्ताभिसरण झालं होतं, मोठ्या माणसांना विनंतीचं पत्र कसं लिहायचं तेही झालं होतं. हेलेद आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"कळलं नाही गं मला," ती शेवटी म्हणाली. "हे शब्द आम्हाला अजून शिकवले नाहीत."