आत्माराम घेत नाही

पुंडलिकने ग्लास भरून ताटाशेजारी ठेवला, तेव्हाच आत्मारामने मनाशी ठरवलं, आज काही झालं तरी तोंड लावायचं नाही.

जेसल पार्कमधल्या त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तो कठड्यावर बसला होता. ऊन डोक्यावर आलं होतं. ताटात सगळं त्याच्या आवडीचं होतं. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, भात, वाटीत खीर. सुलूने, त्याच्या बायकोने, स्वतः वाढून आणलं होतं. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय खाली कोणीही जेवायला बसणार नव्हतं.

"आत्मा, घे रं," पुंडलिक म्हणाला. "आता कोन बोलनार हाय तुला?"

ग्लासाशेजारी त्याने एक विडीही पेटवून ठेवली.

पुंडलिक इथलाच, जुन्या मिठागरवाल्यांच्या घरातला. हाटकेशच्या कारखान्यात दोघांनी शेजारशेजारच्या लेथवर बावीस वर्षं काढली होती. शनिवारी काम सुटलं की पुंडलिकच्या अंगणात बैठक जमायची, आणि तिथून आत्माराम स्वतःच्या पायांवर क्वचितच घरी यायचा.

चार वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी त्याच्या मुलीच्या, समिधाच्या ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. तो झोकांड्या खात दारात उभा राहिला. समिधाने त्यांना सांगितलं, हे शेजारचे काका, दार चुकले वाटतं. त्याने लेकीकडे बघितलं, मैत्रिणींना नमस्कार केला, आणि त्या जाईपर्यंत खालच्या जिन्यात बसून राहिला.

त्या दिवसापासून दारू सुटली, विडीही सुटली. बैठक मात्र त्याने सोडली नाही. सुलूचं म्हणणं होतं, त्या लोकांत जायचंच कशाला. पण आपण सुधारायचं म्हणून माणसं तोडायची, हे त्याला पटेना. त्याने आपल्या युक्त्या काढल्या. सगळ्यांच्या आधी जायचं आणि बाटली फुटण्यापूर्वीच आपला ग्लास लिंबू-सोड्याने भरून घ्यायचा, म्हणजे कोणी ओतायला येत नाही. बोंबील तळायचं काम आपल्याकडे घ्यायचं, म्हणजे हात रिकामे राहत नाहीत. विडीची तल्लफ आली की भाजलेला ओवा चघळायचा. आणि शेवटी एकेकाला घरी पोचवून यायचं.

सुरुवातीला त्याची खूप टर उडवली गेली. आपल्यात एक बुवा शिरलाय, आता टाळ आणा, असं चालायचं. एकदा तर पुंडलिकने गंमत म्हणून त्याच्या सोड्यात गुपचूप दारू मिसळली. आत्मारामला वास आला. त्याने ग्लास खाली ठेवला आणि तो निघून गेला. आता हा कसला परत येतोय, असं सगळे म्हणाले. पुढच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी हजर होता, बोंबील साफ करत. त्यानंतर कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही.

आज मात्र सगळ्यांनीच जोर धरला होता. गावाहून त्याचा धाकटा भाऊ महिपत आला होता. तो पुढे होऊन म्हणाला, की गावच्या घराची काळजी करू नको, पत्रे मी बदलतो, पण आता घे बाबा. आत्मारामने मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा ग्लासाकडे.

भूक त्यालाही लागली होती. पण ताटाला तोंड लावलं की ग्लासही पावला, असंच सगळे धरून चालणार होते. मग चार वर्षं उगाच सोंग होतं, मनातून त्याला हीच हवी होती, असं पुंडलिक गावभर सांगणार. आणि ते समिधाच्या कानावर जाणार.

खाली पोरं भुकेने किरकिर करायला लागली होती. म्हातारी माणसं घड्याळ बघत होती.

"अहो, घ्या ना थोडं," सुलू म्हणाली. "आज मी काही म्हणणार नाही."

हे सगळ्यात अवघड होतं. तो कठड्यावर आणखी थोडा लांब सरकला.

तेवढ्यात जिन्याच्या दारातून समिधा आली. सकाळपासून ती स्वयंपाकघरातच होती. तिने आधी ग्लास बघितला, मग विडी, मग तिथे उभ्या असलेल्या एकेकाचा चेहरा.

"पोरी, ऱ्हाऊ दे ते," पुंडलिक म्हणाला. "तुझ्या बापाला आवडायची. मन तिच्यातच असंल त्याचं."

"बाबा घेत नाहीत, काका."

तिने आवाज चढवला नाही. ग्लास उचलला, गच्चीच्या पाइपच्या तोंडाशी नेऊन उपडा केला, वरून बादलीभर पाणी ओतलं. विडी विझवून मुठीत धरली. पुंडलिक बाजूला सरकला. मग ती ताटापासून चार पावलं मागे सरली आणि तिने हात जोडले.

आत्माराम कठड्यावरून उडाला, ताटाच्या काठावर उतरला आणि त्याने भातात चोच घातली. महिपतने जिन्यातून खाली हाक दिली, की कावळा शिवला, आता तेराव्याची पानं वाढायला घ्या.